टोकन पात्रं: कथालेखकांकडून वारंवार येणारे प्रश्न

कथा-कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचून त्यांवर टिपणं लिहिणं हे माझं काम. आपण ज्या समाजगटात मोडत नाही त्यातलं पात्र रंगवताना लेखक अडतात आणि मग तेच ते प्रश्न फिरून येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. टोकन पात्र म्हणजे नक्की काय? एकच वेगळं पात्र असलं की ते टोकन झालं का?

जे पात्र फक्त "आमच्या कथेत असाही एक आहे" हे दाखवायला येतं, ते टोकन. ते दिसतं, बोलतं, त्याला नाव-आडनाव असतं. पण कथेला त्याच्याकडून काही नको असतं आणि त्यालाही कथेकडून काही नको असतं. निव्वळ तोंडी लावायला.

गर्दीत एकच वेगळा माणूस असणं हा गुन्हा नाही. तो एकटा का आहे आणि ते एकटेपण त्याला कुठे टोचतं हे लेखकाला ठाऊक असेल, तर तिथेच कथा सापडू शकते. उलट निम्मी पात्रं निरनिराळ्या समाजांतली घेऊनही सगळी नावापुरती राहिलेली मी वाचली आहेत.

आणखी एक गल्लत नेहमी होते. दुय्यम पात्र म्हणजे टोकन नव्हे. इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली 'चपटी' (एकाच गुणावर उभी) आणि 'गोलाकार' (अनेकपदरी, आपल्याला चकित करू शकणारी) असा पात्रांचा भेद मांडला, तेव्हा चपट्या पात्रांचीही कादंबरीला गरज असते असंच ते म्हणत होते. प्रत्येक वॉचमनला बालपण देत बसायचं कारण नाही. मात्र तुमच्या कादंबरीतली सगळी गोलाकार पात्रं एका समाजाची आणि सगळी चपटी दुसऱ्या समाजाची निघाली, तर थांबून बघा.

२. माझं पात्र टोकन झालंय का, हे मला कसं कळणार?

ते पात्र ज्या ज्या प्रसंगात आहे तेवढीच पानं वेगळी काढा आणि सलग वाचा. बाकीची कथा बाजूला ठेवा. टोकन पात्र असं वाचलं की लगेच उघडं पडतं, कारण प्रत्येक प्रसंगात ते एकच काम करत असतं: नायकाला धीर देणं, आपल्या समाजाबद्दल माहिती पुरवणं किंवा कोणाच्या तरी पूर्वग्रहाचा बळी होणं.

उदाहरण घेऊ. एका ऑफिसातली रहस्यकथा आहे. तिथे मीनल नावाची हिशेबनीस आहे, चाकाच्या खुर्चीवर असते. पहिल्या खर्ड्यात ती तीनदा येते. तिन्ही वेळा हसून काहीतरी उमेद देणारं बोलते आणि जाते. आता जरा खोलात जाऊ. इमारतीच्या पुढच्या दाराला पायऱ्या आहेत, म्हणजे मीनल रोज मागच्या, मालाच्या दाराने आत येते. म्हणजे तिथल्या पहारेकऱ्याशी तिची ओळख आहे. म्हणजे रात्री उशिरा त्या दाराने कोण बाहेर पडतं हे ऑफिसात फक्त तिला माहीत आहे. आणि ती ते सांगत नाही, कारण ज्या बढतीवर नायकाचा डोळा आहे तीच तिलाही हवी आहे.

दुसऱ्या खर्ड्यात मीनलच्या अपंगत्वावर एकही भाषण नाही. पायऱ्या मात्र आहेत, आणि त्या पायऱ्यांमुळे कथानक वळलं. तिची इच्छा नायकाच्या भल्याबुऱ्याशी बांधलेली नाही. या दोन गोष्टी साधल्या की पात्र सहसा आपल्या पायावर उभं राहतं.

३. बेक्डेल चाचणी लावली तर पुरेसं आहे का?

नाही, आणि ती त्यासाठी केलेलीही नव्हती. व्यंगचित्रकार अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या एका चित्रपट्टीत एक पात्र आपला नियम सांगतं: ज्या सिनेमात किमान दोन स्त्रिया असतील, त्या एकमेकींशी बोलतील आणि पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल बोलतील, तोच मी बघते. कल्पनेचं श्रेय बेक्डेल आपल्या मैत्रिणीला देतात. होता तो विनोद, बोचरा. एकूण सिनेमांवर तो बरंच काही बोलतो, एका कथेच्या गुणवत्तेवर फारसं नाही. विमानाच्या कॉकपिटमध्ये एकटा वैमानिक असलेली उत्तम कथा त्यात नापास होईल आणि दोन बायका पडद्यांच्या रंगावर दोन वाक्यं बोलल्या की रद्दड कथाही पास होईल.

लेखकाच्या जास्त उपयोगाचे निकष अमेरिकेतल्या ग्लाड या संस्थेचे आहेत. ते समलिंगी आणि ट्रान्स पात्रांसाठी २०१३ मध्ये मांडले गेले. पात्र तसं असल्याचं कथेतून कळतं का, ती ओळख सोडून त्याच्यात आणखी काही आहे का, आणि ते काढलं तर कथानकाला खिंडार पडतं का? कोणत्याही समाजगटाच्या पात्राला हे लावून बघता येतं. तिसऱ्या निकषाला अपवाद आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

४. माझ्या कथेत एकाच अशा पात्राला जागा आहे. तेवढ्यात ते नीट कसं जमवू?

माझा सल्ला बहुतेकांना पटत नाही: एक काढू नका, दुसरं आणा.

समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी एका मोठ्या कंपनीचा अभ्यास करून १९७७ साली टोकन असण्याची यंत्रणा उलगडली. एखाद्या गटाचं प्रमाण सुमारे १५ टक्क्यांपर्यंतच असलं की त्यातल्या माणसाच्या बाबतीत तीन गोष्टी होतात. तो सतत नजरेत राहतो. त्याच्या असण्याने बाकीच्यांना आपलं सारखेपण जास्तच जाणवायला लागतं. आणि तो जे काही करतो ते त्याच्या गटाच्या साच्यात बसवून वाचलं जातं. तो आळशी निघाला तर "ते लोक आळशीच". कष्टाळू निघाला तर "त्यांच्यात असून बघा कसा".

कँटर ऑफिसाबद्दल बोलत होत्या, पण वाचकाच्या डोक्यातही हेच चालतं. कथेत त्या समाजाचा एकच माणूस असेल तर तुम्ही त्याला कितीही बारकाईने रंगवा, तो प्रतिनिधी होतोच. दुसरा माणूस आला की हे ओझं उतरतं. दोघांचं एकमेकांशी पटत नसेल तर उत्तमच. एक बहीण देवभोळी, दुसरी नास्तिक. एक सहकारी आपली ओळख मिरवणारा, दुसरा त्या विषयावर ओठ शिवून बसणारा. मग वाचकाला "हे लोक असे असतात" असं म्हणायची सोय राहत नाही. दुसरं पात्र मोठं असायची गरज नाही. फोनवर भांडणारा भाऊ अर्ध्या पानात हे काम करून जातो.

५. पात्र कोणत्या समाजाचं आहे हे कधी आणि कसं सांगावं?

ज्या क्षणी त्याने काही फरक पडतो तेव्हा, आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटणार नाही इतकं लवकर. दोनशे पानांनंतर "आणि हो, तो आंधळा होता" असं केलंत तर ती ओळख चमत्कृती होते.

खरी चूक वेगळीच असते. काहींच्या रंगाचं वर्णन होतं, काहींचं होतच नाही. लेखकाच्या मते ज्यांचं वर्णन नाही ते 'साधे', म्हणजे लेखकासारखे. एक तर सगळ्यांचं वर्णन करा नाहीतर कोणाचंच नको. पहिल्याच ओळीत सावळा, चष्मा, कुबडी, उच्चार असा पोलीस पंचनामा तर नकोच नको.

६. बोली किंवा वेगळे उच्चार लिहावेत का?

लिहावेत, पण शब्दांच्या निवडीतून आणि वाक्याच्या ठेवणीतून. मोडकं शुद्धलेखन करून नव्हे. प्रमाण भाषा बोलणाराही "मी तिथं गेलेलो" असं बोलतो, ते आपण जसंच्या तसं कुठे लिहितो? मग एकाच पात्राचे उच्चार अक्षरशः उतरवले की ते पात्र हास्यास्पद व्हायला वेळ लागत नाही. बोलीतली लय, म्हणी, शिव्या, प्रश्न विचारायची पद्धत कानात असेल तर चार शब्दांत ती व्यक्ती उभी राहते. कानात नसेल तर सरळ प्रमाण भाषेत लिहा आणि "तो आपल्या बोलीत म्हणाला" एवढं सांगून पुढे जा.

बोली फक्त विनोदी प्रसंगातच येत असेल तर वेगळंच दुखणं आहे. त्याच बोलीत कोणीतरी प्रेम करावं, हिशेब करावा, कायद्याचा मुद्दा मांडावा.

७. माझा निवेदक कोणाला नावं ठेवत नाही, तरी वाचक म्हणतात की कथेला 'वरून बघितल्याचा' वास येतो. कशामुळे?

क्रियापदं बघा. "डॉक्टर आत आले. त्यांनी पेशंटकडे पाहिलं. मागोमाग आया आली. तिने चादर बदलली." दोघांची वयं सारखी असतील, आया कदाचित मोठीच असेल. डॉक्टरला आदरार्थी अनेकवचन कोणी दिलं? पात्राने नव्हे, निवेदकाने. मराठीत निवेदकाला उतरंड सांगायला विशेषणाची गरजच पडत नाही, ती 'आले' आणि 'आली' मध्ये येऊन बसते.

संवादात ही उतरंड जरूर दाखवा. कोण कोणाला अरे-तुरे करतं, कोण अहो-जाहो, आणि कोणत्या दिवशी एखाद्याने ते बदललं, यातून पानभर वर्णनाचं काम होतं. पण निवेदन तुमचं आहे. तिथे एकच धोरण ठेवा: सगळ्यांना एकवचन किंवा सगळ्यांना मान. निवेदक स्वतः कथेतलं पात्र असेल तर त्याचा दुजाभाव चालेल, पण मग तो तुम्हाला माहीत असायला हवा (प्रश्न १४).

८. मी त्या समाजाचा नाही. मला त्यांच्याबद्दल लिहायचा हक्क आहे का?

आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत जास्त, आणि बहुतेकांना उत्तर 'हो' किंवा 'नाही'मध्ये हवं असतं. दलित साहित्याच्या निमित्ताने मराठी वाचकाने हा वाद पूर्वीच जवळून पाहिला आहे. जगलेल्याचं लिहिणं आणि पाहिलेल्याचं लिहिणं एक नाही, हे तिथे ठणकावून सांगितलं गेलं. ते खरंच आहे. त्यातून "दुसऱ्याने लिहूच नये" हा निष्कर्ष मात्र आपोआप निघत नाही.

मला हक्कापेक्षा जागेचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. एका शहरातल्या माणसांची कथा लिहिताना त्या समाजाचं एक पात्र घेणं वेगळं, आणि "या समाजात जन्मणं म्हणजे काय" हे त्याच्याच तोंडून, 'मी' म्हणून, कादंबरीभर सांगणं वेगळं. पहिल्यासाठी चांगली निरीक्षणशक्ती आणि कष्ट पुरतात. दुसऱ्यासाठी क्वचितच पुरतात.

विल्यम स्टायरन या गोऱ्या अमेरिकन कादंबरीकाराने १९६७ मध्ये नॅट टर्नर या अमेरिकेतल्या १८३१ च्या गुलामांच्या उठावाच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यावर त्याच्याच आवाजात कादंबरी लिहिली. तिला १९६८ चं पुलित्झर मिळालं आणि त्याच वर्षी दहा कृष्णवर्णीय लेखकांनी तिच्यावर टीकेचं आख्खं पुस्तक काढलं. 'गोऱ्याने का लिहिलं' एवढीच ती हरकत नव्हती. टर्नरला बायको असल्याचे उल्लेख असताना ती वगळली आणि त्याच्या मनात एका गोऱ्या मुलीची अभिलाषा घातली, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. म्हणजे वाद नेमका कुठे पेटला बघा: लेखकाने जिथे माहिती बाजूला सारून रूढ साचा उचलला तिथे.

उलट बाजूही आहे. लेखक आणि पात्र एकाच समाजाचे असलेल्या पुस्तकांसाठी २०१५ मध्ये कोरिन डायव्हिस या लेखिकेने 'ओन व्हॉइसेस' हा हॅशटॅग सुरू केला. हेतू सरळ होता. पण पुढे तो विक्रीचा शिक्का झाला आणि लेखकांना आपली खाजगी ओळख उघड करणं भाग पडायला लागलं. 'वुई नीड डायव्हर्स बुक्स' या संस्थेने २०२१ मध्ये तो वापरणं बंद केलं. जन्माचा दाखला पाहून कथा तपासायला गेलं की असंही होतं.

९. अभ्यास कसा करू? त्या समाजातल्या ओळखीच्यांना विचारायला संकोच वाटतो.

विचारण्याआधी वाचा. त्या समाजातल्या लोकांनी बाहेरच्यांसाठी लिहिलेलं नव्हे, आपापसांत लिहिलेलं. त्यांची मासिकं, पत्रव्यवहार, आत्मकथनं, एकमेकांवरची टीका, आणि विशेषतः त्यांचे स्वतःवरचे विनोद. बाहेरच्यांसाठीच्या लेखनात माणूस आवरून-सावरून बसलेला असतो.

मग विचारायला जा, आणि "तुम्हाला कसं वाटतं हो?" असं विचारू नका. त्याला उत्तर नसतं, किंवा ऐकणाऱ्याला बरं वाटेल असं उत्तर असतं. बारीकसारीक विचारा. ऐकू न येणाऱ्या माणसाला सकाळी कोण उठवतं? दोन जण हाताने बोलत असताना जिन्यावरचा दिवा गेला तर? सहा जणांच्या बैठकीत कोणत्या खुर्चीवर बसलं की सगळ्यांचे ओठ दिसतात? अशा उत्तरांतून प्रसंग सुचतात. आणि कोणाचा वेळ तासन् तास घेणार असाल तर मोबदला द्या.

१०. त्या समाजातल्या एकाने वाचून 'ठीक आहे' म्हटलं. आता मी निर्धास्त?

नाही. एक वाचक म्हणजे एक वाचक. त्याच्याकडून चुका काढून घ्या, प्रमाणपत्र मागू नका. शिवाय छपाईच्या आदल्या आठवड्यात दाखवून उपयोग नाही. बदलायची तयारी असते तेव्हाच दाखवावं.

११. खलनायक त्या समाजाचा दाखवला तर लोक चिडतील. मग सगळं चांगलंच दाखवू का?

डिकन्सचं उदाहरण इथे फार बोलकं आहे. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधला फेगिन हा चोरांचा म्होरक्या ज्यू आहे आणि लेखक पानोपानी त्याला नावाऐवजी 'तो ज्यू' म्हणतो. १८६३ मध्ये एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी डिकन्सला पत्र लिहून हा समाजावर अन्याय असल्याचं कळवलं. आधी त्याने आपली बाजू मांडली, पण पुढच्याच कादंबरीत, 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मध्ये (१८६४–६५), रायाह नावाचा सज्जन ज्यू म्हातारा आणला. हा इतका सोशिक आणि साधू आहे की त्याच्या तोंडी माणसाचं वाक्य सापडणं कठीण. फेगिन निदान लक्षात तरी राहतो! साचा काळा असो की पांढरा, साचाच.

म्हणून चांगलंच दाखवण्याच्या फंदात पडू नका. खलनायक त्या समाजाचा असू दे, पण त्याच्या दुष्टपणाचं कारण त्याचा समाज नसावं आणि कथेत त्या समाजाचा तो एकमेव माणूस नसावा. हे दुसरं का, ते प्रश्न ४ मध्ये आलं आहे.

१२. अन्याय आणि दुःख दाखवलं नाही तर ते खोटं नाही का होणार?

होईल, जर अन्याय त्या काळात आणि त्या जागी होत असेल तर. पण अन्याय ज्याच्यावर होतो तो दिवसभर फक्त तेवढंच करत नसतो. त्याला दाढदुखी असते, भाड्याची तारीख असते, कोणीतरी आवडत असतं. प्रत्येक प्रसंगात अपमानच होत असेल तर वाचकाला कीव येते, आणि कीव आली की पात्र लांब जातं.

दोन शेवट मी लाल पेनाने अडवते. एक: ते पात्र मरतं आणि त्याच्या मरणाने नायक शहाणा होतो. दोन: अपंग माणूस शेवटी बरा होतो, किंवा साधं जगूनच सगळ्यांना प्रेरणा देतो. ऑस्ट्रेलियन विनोदकार स्टेला यंग स्वतः चाकाच्या खुर्चीवर असत. २०१४ च्या एका गाजलेल्या भाषणात त्यांनी याच प्रेरणेच्या हव्यासाची खिल्ली उडवली होती. सकाळी उठून स्वतःचं नाव आठवलं म्हणून कोणी पाठ थोपटावी, इतकी कमी अपेक्षा लोकांनी अपंगांकडून ठेवलेली असते, असं त्यांचं म्हणणं.

१३. ओळखीने कथेत काहीच फरक पडत नसेल तर? म्हणजे पात्र सहज तसं असेल तर?

चालतं. प्रश्न ३ मधल्या तिसऱ्या निकषाला हाच अपवाद. गुप्तहेर पुरुष आहे, त्याला नवरा आहे आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही, अशा कथेत एक मोकळेपणा असतो. अट एवढीच की पात्राला दुसरं काहीतरी काम हवं. आणि जिथे ती ओळख रोज आडवी येते अशा जगात ती 'सहज' ठेवलीत, तर वाचकाला ते जग पटणार नाही.

१४. माझा निवेदकच पूर्वग्रह बाळगणारा आहे. त्याचे विचार माझे आहेत असं वाचकाला वाटू नये म्हणून काय करू?

तळटीप देऊ नका, आणि दुसऱ्या पात्राकडून त्याला व्याख्यानही देववू नका. नायजेरियन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या आफ्रिकेत घडणाऱ्या, युरोपीय निवेदकाने सांगितलेल्या कादंबरीवर जो हल्ला केला त्यातला एक मुद्दा कारागिरीचा आहे: निवेदकाची दृष्टी लेखकाची नाही असं म्हणता येईल, पण मग त्या दृष्टीपलीकडे बघायला दुसरी चौकट लेखकाने पुसटशीही ठेवलेली नाही. आफ्रिकन माणसं तिथे जवळजवळ बोलतच नाहीत.

उपाय त्यातच आहे. निवेदक जे सांगतो आणि वाचकाला जे दिसतं, त्यात फट ठेवा. तो म्हणतो "ती मूर्ख आहे", पण त्याच पानावर तिने केलेला हिशेब बरोबर निघतो आणि त्याचा चुकतो. त्याला ते कळतही नाही. ज्यांच्याबद्दल तो बोलतो त्यांना निदान एकदा तरी पूर्ण वाक्य बोलू द्या, त्याने मध्ये न तोडता.

१५. मराठीत क्रियापदालाच लिंग असतं. ट्रान्स किंवा स्त्री-पुरुष यांपैकी काहीच न मानणारं पात्र कसं लिहू?

ट्रान्स स्त्री असेल तर 'ती', आणि पहिल्या पानापासून. अर्ध्या कादंबरीपर्यंत 'तो' लिहून मग गौप्यस्फोट केलात की तिचं असणं सोंग ठरतं. तिला 'तो' म्हणणारी पात्रं असतील तर त्यांना संवादात म्हणू द्या, संघर्ष तिथे आहे. ती स्वतः 'मी गेले' केव्हा म्हणायला लागते आणि कोणासमोर 'मी गेलो' म्हणून वेळ मारून नेते, हा तर तयार प्रसंग आहे.

दोन्ही न मानणाऱ्या पात्रासाठी 'ते आले' हा एक मार्ग, पण वाचक त्याला आदरार्थी पुरुष समजतो. 'ते आलं' मात्र नकोच, त्यात माणूस लहान किंवा तुच्छ होतो. पात्राला विचारा (म्हणजे तसं जगणाऱ्यांना, प्रश्न ९). अनेक जण 'तो' किंवा 'ती' पैकी एक निवडतात, काही आलटून पालटून वापरतात.

लिंग झाकायचंच असेल तर मराठी व्याकरण वाटतं त्यापेक्षा मदतीला येतं. "किरणने दार उघडलं, दिवा लावला, खुर्ची ओढली" यात क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, किरणचा पत्ता लागत नाही. "किरणला हसू आलं." "किरण उद्या येईल." "किरण रोज उशिरा येई." प्रथमपुरुषी निवेदनात 'मी म्हणालो/म्हणाले' ऐवजी 'मी म्हटलं'. अडतं ते 'गेला-आली' आणि 'दमलेला-दमलेली' इथे. तिथे वाक्य फिरवावं लागतं. कथाभर हे निभतं. कादंबरीभर करायचं तर पहिल्या प्रकरणातच बसवून घ्या, नाहीतर पन्नासाव्या पानावर कसरत दिसायला लागते.

१६. स्पर्धेत किंवा प्रकाशकाकडून 'वैविध्य हवं' असं येतं. कथेत बसत नसेल तरी घालू?

नको. दोन भावांची, बंद खोलीतली कथा असेल तर ती तशीच पाठवा. शेवटच्या खर्ड्यात घुसवलेलं पात्र प्रश्न २ च्या पद्धतीने वाचलं की दोन मिनिटांत सापडतं, आणि परीक्षकालाही सापडतं.

१७. पुस्तक छापून झालं, आता टीका येते आहे आणि ती पटते आहे. पुढच्या आवृत्तीत बदलू का?

बदलता येतं. डिकन्सने १८६७ च्या आवृत्तीत 'ऑलिव्हर ट्विस्ट'च्या पुढच्या प्रकरणांतले 'तो ज्यू' हे बरेचसे उल्लेख काढून 'फेगिन' किंवा 'तो' असं केलं. सुरुवातीच्या प्रकरणांत ते तसेच राहिले, त्यामुळे आज वाचताना पुस्तकाचा सूर मध्येच बदललेला जाणवतो. तेव्हा करायचंच तर पहिल्या पानापासून करा, आणि बदल केल्याचं आवृत्तीच्या टिपणीत लिहा. शब्द बदलून भागत असेल तर हे ठीक. पण टीका पात्राच्या घडणीवर असेल, तर ते पुस्तक आहे तसं राहू द्या आणि पुढचं लिहायला घ्या.